कंदीची सोनोग्राफी

"माणसांच्या टेबलावर कुत्रं घेणार नाही," असं मी ठणकावून सांगितलं, तेव्हा ते आधीच टेबलावर होतं.

दुपारची वेळ. सकाळचे पेशंट संपवून मी नुकतंच डब्याचं झाकण काढलं होतं. मागच्या दारानं डॉ. शबाना मुलाणी आत आली, ती चादरीत गुंडाळलेलं काहीतरी कवेत घेऊनच. हातातला घास मी खाली ठेवेपर्यंत तिनं ते सोनोग्राफीच्या खोलीत नेऊन ठेवलंसुद्धा. शबाना आमच्या वाईतली जनावरांची डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई, माझ्या ठणकावण्याला काय भीक घालणार!

"सर, तुम्ही जेवून घ्या. तोवर मी हिच्या पोटावरचे केस काढते."

"केस? इथं? शबाना, चार वाजता माझ्याकडे पोटुशा बाया यायच्यात. त्यांना काय सांगू?"

"सांगू नका काही. चादर बदला."

"या मशीनवर काय तपासलं, कुणाला तपासलं, त्याची सगळी माहिती सरकारला द्यावी लागते. त्यात कुत्र्याला रकाना नाही."

"मग तसं कळवा सरकारला," ती म्हणाली आणि पिशवीतून केस कापायचं यंत्र काढलं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. मला कुत्र्यांची भीती वाटते. तेव्हाही वाटायची, आजही वाटते. मी दारातच उभा होतो, एवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"श्रीरंगा, अरे बघ ना रे तिला."

रिसबूडकाकू होत्या. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी विस्कटलेल्या केसांनी पाहिलं नव्हतं. चादरीतून बाहेर आलेलं ते तपकिरी तोंड मग मी ओळखलं. कंदी. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग म्हणून काकांनी ठेवलेलं नाव. एरवी मला पाहिलं की फाटकापासून भुंकणारी ही बया आज मान उचलायलाही तयार नव्हती.

रिसबूडकाकांनी वाईतल्या निम्म्या पुरुषांना पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, घाटावरून ढकलून दिलं. मीही त्यातलाच. कृष्णेचं पाणी नाकातोंडात जाऊन मी वर आलो तेव्हा काका पायरीवर बसून हसत होते, आणि हात मात्र पाण्यात पुढे धरलेला होता. त्या काकांना आषाढात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ते माजघरातल्या खुर्चीत बसून असत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी डाव्या हातानं हाकलून लावलं होतं. दिवसभरात एकच गोष्ट ते मनापासून करत. डाव्या हातानं चेंडू टाकायचा आणि कंदीनं तो आणून द्यायचा.

"पौर्णिमेपासून ओकतेय," शबाना सांगू लागली. "आधी वाटलं, काहीतरी शिळंपाकं खाल्लं असेल. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. आज सकाळपासून उभी राहत नाही. पोटाला हात लावला की कळवळते. मला आतडं अडल्यासारखं वाटतंय, पण हाताला गोळा लागत नाही. आधी एक्स-रे काढा, मग सोनोग्राफी."

"ही गेली ना, तर हे परत खुर्चीतून उठायचे नाहीत," काकू म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या नाहीत. मग मी डब्याचं झाकण लावलं.

एक्स-रे काढायला माझा माणूस जेवायला गेलेला, म्हणून तोही मीच काढला. कंदीला कुशीवर निजवून शबानानं पाय धरले, काकूंनी डोकं. फिल्म धुऊन लाइटवर लावली आणि मी चष्मा कपाळावर चढवून जवळ गेलो. माणसाचं आतडं अडलं की त्याच्या मागचा भाग हवेनं फुगतो. फिल्मवर मोठमोठ्या काळ्या नळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात, नवशिक्यालाही कळतं. इथं तसं काही नव्हतं. सगळं आतडं पोटाच्या एका बाजूला गोळा होऊन बसलं होतं आणि त्यात हवेचे बारीक बारीक वाकडे ठिपके होते. जठरात काहीतरी होतं. ते अन्नही असू शकलं असतं.

"काय?" शबानानं विचारलं.

"अडलंय म्हणावं तर फुगलेलं नाही. अडलं नाही म्हणावं तर आतडं जागेवर नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सोनोग्राफी करू."

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. गावातले डॉक्टर मला मागून 'कोरिलेट साहेब' म्हणत. आमच्या धंद्यात रिपोर्टच्या शेवटी एक वाक्य लिहायची पद्धत आहे, की हे सगळं रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावं, क्लिनिकली कोरिलेट करावं. मी ते प्रत्येक रिपोर्टवर लिहीत असे. मोडलेलं हाड दोन तुकड्यांत समोर दिसत असलं तरी लिहीत असे. चित्र बघणारानं चित्र सांगावं, निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा, हे माझं म्हणणं. त्यामुळे मला झोप चांगली लागायची.

शबानानं कंदीचं पोट तासून गुळगुळीत केलं होतं. मी जेल लावलं. थंड जेलनं ती शहारली आणि माझा हात आपोआप मागे आला.

"चावत नाही ती," काकू म्हणाल्या.

"माहितीये," मी म्हणालो. मला अजिबात माहीत नव्हतं.

पडद्यावर आतडं दिसू लागलं. निरोगी आतडं शांतपणे पुढे पुढे सरकत असतं. हे सरकायला बघत होतं, पण जागच्या जागी हिसके खाऊन परत येत होतं. हातातला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो दांडा, मी थोडा आडवा केला आणि थांबलो. आतड्याला चुण्या पडल्या होत्या. एकीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, अगदी शिस्तीत. माणसाच्या पोटात असलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण घरात पाहिलं होतं. परकराची नाडी ओढली की नेफ्याला पडतात त्या चुण्या. आणि त्या सगळ्या चुण्यांच्या मधून एक पांढरी चकचकीत रेघ गेली होती.

"जीभ बघितलीस का हिची? जिभेखाली?" मी विचारलं.

"पहिल्यांदा तेच बघितलं. दोराबिरा काही अडकलेला नाही."

मी प्रोब वर, जठराकडे नेला. तिथं एक पांढरी कमान होती आणि तिच्या मागे सगळं काळंठिक्कर. तिथून पुढे काही दिसू देत नव्हती ती.

"काकू, घरात दोरा, लोकर, सुतळी असलं काही हिच्या तोंडी लागलं का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

फार लवकर म्हणाल्या. मी विचारायचं संपवायच्या आतच.

"पतंगाचा मांजा? गल्लीतल्या पोरांचा?"

"आमच्याकडे कोण उडवतंय रे पतंग?" त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

"सर," शबाना म्हणाली, "उघडू का पोट?"

मी चष्मा पुसला. "हे बघ, आतड्याची एकूण ठेवण बघता दोऱ्यासारखी वस्तू असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण सूज असली तरी कधीकधी आतडं असं गोळा होतं. तेव्हा तू आपलं हे क्लिनिकली..."

"कोरिलेट करू?" शबाना कडाडली. "कुणाशी करू? ती बोलते का?"

मी प्रोब पुसायला घेतला.

"तिचं वय बघा, सर. भूल दिली तर त्यातून उठेल की नाही, मला खात्री नाही. पोट उघडलं आणि आत काही निघालं नाही, तर मी तिला उगीच मारली. नाही उघडलं आणि दोरा असला, तर तो आतडं कापत जाईल. उद्यापर्यंत पोटात पू होईल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. माझा हात चालतो. पण आत बघणारे डोळे तुमचे आहेत. आहे का नाही, एवढं एकच सांगा."

खरं सांगतो, मला राग आला. तिचा आला, कुत्र्याचा आला, थंड झालेल्या डब्याचा आला. कुणी बोलावलं होतं मला या भानगडीत? पण काकू टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि त्यांची नखं पांढरी पडली होती. मी परत प्रोब ठेवला.

आतड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. परत आलो. सूज असेल तर आतड्याची भिंत जाड हवी. ती तशी नव्हती. दुसरं एखादं कारण असतं तर ती रेघ मध्येच तुटली असती, इकडेतिकडे झाली असती. ती कुठंच तुटत नव्हती. जठरातल्या त्या कमानीपासून निघत होती आणि चुण्यांच्या बरोबर मधून चालली होती. एवढ्यात कंदीनं मान वळवली आणि हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली. भीतीनं माझा हात आखडला. पण काढून घेता येईना. घेतला असता तर चित्र गेलं असतं.

"आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"दोरा आहे. असावा म्हणत नाही मी. आहे. जठरात त्याचा बोळा अडकलाय आणि शेपूट आतड्यात उतरलंय. आतडं त्या शेपटावर चढत चाललंय. आधी जठर उघड. तिथला बोळा सुटल्याशिवाय खालून ओढू नकोस, आतडं फाटेल."

"ते मला माहितीये," शबाना म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "कसला दोरा?"

"ते नाही दिसत. एवढं मात्र नक्की, की नुसता एक धागा नाही. पुष्कळ आहे."

"नायलॉनचा असला तर..."

"सुती आहे," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"सुती आहे. साडेसातशे पदर. त्रिपुरवात आहे ती, श्रीरंगा."

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला आमच्याकडे घाटावर दिवे लावतात, बायका नदीत द्रोण सोडतात. ज्या बाईचा काही नवस असेल, ती साडेसातशे पदरांची वात करते, तुपात भिजवते आणि पेटवून नदीच्या पाण्यावर ठेवते. काकूंनी ती वात चातुर्मासभर केलेली होती. कुणासाठी केली असेल, हे मला विचारायची गरज नव्हती.

शबानानं तेवढा वेळही घालवला नाही. "काकू, पदर सुटे आहेत का पिळलेले?"

"सुटे. मधोमध एक बांध आहे."

"बस्स. एवढंच हवं होतं," म्हणत तिनं चादरीसकट कंदीला उचललं.

शबानाचा दवाखाना पुढच्याच गल्लीत होता. चार वाजताच्या बायांना उद्या यायला सांगून मी काकूंबरोबर तिथल्या बाकावर जाऊन बसलो. आतून अवजारांचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच यायचं नाही. ते दुसरं जास्त वाईट होतं.

"मी तुला दोरा नाही म्हटलं," काकू म्हणाल्या. "तोंडातून निघूनच गेलं बघ."

"असू दे हो."

"असू दे कसं? ऐक. पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळी तयारी केली. वात छान गोल गुंडाळली, तुपाच्या वाटीत ठेवली. वाटी ह्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली आणि लुगडं बदलायला आत गेले. येऊन बघते तो वाटी खाली, कंदी फरशीवरचं तूप चाटतेय आणि वात नाही. मीच मेलीनं वाटी काठावर ठेवली असणार. हे आपले खिडकीबाहेर बघत बसलेले."

"मग काकांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुमच्या नावाची वात न पेटताच कुत्र्याच्या पोटात गेली? असलं बोलतात का कुणी? मनात आणायलाही भीती वाटते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दुकानच्या फुलवाती होत्या घरात. मूठभर घेतल्या, वर तूप ओतलं आणि तोच द्रोण केला. ह्यांना खुर्चीत बसवून घाटावर नेलं. द्रोण पाण्यात सोडला, तो लांबवर गेला. मी म्हटलं, बघा हो, आपली वात कशी चाललीय. आणि हे हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. आषाढानंतर पहिल्यांदा. आता त्या हसण्यावर मी पाणी ओतू का?"

मी माझा रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"म्हटलं, कंदीच्या पोटातून आपोआप बाहेर पडेल. रोज सकाळी परसात तिच्यामागनं हिंडतेय. शेजारच्या जोगळेकरीण बाई विचारतात, काय हो काकू, काही हरवलं का?" त्या हसायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. "माझ्या गप्प बसण्यानं ही मरायला टेकली रे. हिला काही झालं तर मी ह्यांना तोंड कसं दाखवू?"

ऊन उतरून गेलं तेव्हा दारात रिक्षा थांबली. जोगळेकरबाईंनी काकांना आणलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर अगदी हात टेकल्याचे भाव होते. "ऐकेचनात. काठी आपटून आपटून फरशी फोडायची वेळ आणली. 'कंदी' म्हटलं तर मान हलवतात, म्हणून घेऊन आले."

मी आणि रिक्षावाल्यानं काकांना आत आणून बाकावर बसवलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

आतलं दार उघडलं. शबानाच्या कपाळावर घाम होता आणि हातात स्टीलचा ट्रे.

"आहे," ती म्हणाली. "श्वास चांगला चाललाय. आजची रात्र मी इथंच झोपते तिच्याजवळ. आतडं कुठं फाटलेलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बोळा जठरातच होता, सर."

ट्रेमध्ये वात होती. पिवळट काळी पडलेली, लगदा झालेली, एका बाजूनं लांबच लांब सुटलेली. मधला बांध मात्र तसाच होता. काकू उठल्या आणि काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, रागावू नका. आपली वात ही. पौर्णिमेला नदीत सोडली ती खरी नव्हती. मी वाटी काठावर ठेवली आणि..."

काकांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्याच हातानं स्वतःच्या छातीवर दोनदा थापटलं. मी, मी. काकूंना कळेना.

तेव्हा काकांनी खाली मांडीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. मांडीवरचा उजवा हात हलला. वीतभर वर आला, थरथरत तिथंच राहिला, आणि मग बोटं उघडून पुढे फेकला गेला. काकूंच्या पायांच्या दिशेनं, चेंडू टाकावा तसा.

"तुम्ही टाकलीत?" काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली.

"चेंडू समजून?"

पुन्हा मान हलवली.

"ह्या हातानं?" काकू खालीच बसल्या. त्यांनी तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून बघितला, जणू त्याच्यावर काही लिहिलं असणार. "ह्या हातानं टाकलीत? मग सांगितलं का नाही!"

ज्याची वाचा गेली त्या माणसाला काकू विचारत होत्या, सांगितलं का नाही म्हणून. आणि मग काकांच्या घशातून एक आवाज आला. आम्ही दचकलो. ते हसत होते. काकू रडता रडता त्यांच्या गुडघ्यावर चापट्या मारू लागल्या.

"म्हणजे घाटावर तुम्हाला माहीत होतं? ती दुसरी होती ते? तरी हसलात?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. त्या पौर्णिमेच्या संध्याकाळीही ते असेच बघत बसले असणार.

दुसऱ्या दिवशी मी कंदीचा रिपोर्ट लिहिला. कुणी मागितला नव्हता, तरी लिहिला, आणि शेवटचं वाक्य त्यावर लिहिलं नाही. शबानानं तो फ्रेम करून दवाखान्यात लावला आहे. माझी तिथं जायची सोय राहिलेली नाही.

कंदी त्यानंतरही बरीच जगली. फाटकापासून माझ्यावर भुंकत राहिली, उपकाराची जाणीव म्हणून नाही. होळीच्या सुमारास एकदा मी काकांकडे गेलो, तेव्हा ते उजव्या हातानं चेंडू टाकत होते. तो फार लांब जात नव्हता. कंदी मात्र लांब गेल्यासारखी धावत होती. काकूंनी कोकम सरबत आणलं. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं.

"काकू, ती वात तुम्ही धुऊन नेली होतीत ना? मग पुढे लावलीत का कधी?"

"लावायची कशाला?" काकू म्हणाल्या. "तिचं काम झालं की."